आधी वाटा, मग फारकत



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी उभी हयात दिवाणी न्यायालयात काढली. बांध, भिंत, वहिवाट, वाटणी यांचे दावे ते हौसेने चालवत. नवराबायकोचे प्रकरण मात्र शक्यतो टाळत. अशा दाव्यात खोटे लिहावेच लागते, ही त्यांची तक्रार होती. आजचे व्याख्यान त्या तक्रारीवरच आहे.

संसार संपला आहे, एवढे सांगून आपल्या कायद्याचे भागत नाही. तो कुणी संपवला, याचा पुरावा त्याला लागतो. हा आग्रह आपण इंग्रजांकडून उचलला. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो ६ एप्रिल २०२२ रोजी संपला. आपल्याकडे तो अजून चालू आहे. त्यांनी तो का सोडला, सोडण्याच्या आधी कोणती तजवीज करून ठेवली, आणि ती तजवीज न करता आपण सोडला तर कुणाच्या अंगाशी येईल, हे मी आज मांडणार आहे.

सुरुवात एका खटल्यापासून करतो. ओवेन्स विरुद्ध ओवेन्स. लग्न १९७८ चे. दोन मुले, दोन्ही हाताशी आलेली. अळंबीच्या शेतीचा धंदा भरभराटीला आला, घरात पैसा आला. फेब्रुवारी २०१५ मध्ये बाईंनी घर सोडले आणि मे महिन्यात घटस्फोटाचा अर्ज केला. वय पासष्टीच्या घरात. नवरा म्हणाला, मला घटस्फोट मान्य नाही.

अर्जाचे कारण होते नवऱ्याचे वर्तन. १९७३ च्या मॅट्रिमोनियल कॉझेस अॅक्टमधली कसोटी अशी : सामनेवाल्याचे वागणे असे हवे की अर्जदाराने त्याच्यासोबत राहावे, अशी अपेक्षा वाजवीपणे करता येऊ नये. बाईंच्या वकिलांनी रिवाजाप्रमाणे आधी पाच मोघम मुद्दे लिहिले. नवरा लढणार असे दिसल्यावर अर्ज दुरुस्त करून त्यात सत्तावीस प्रसंग घातले. सुनावणीत भर राहिला तो त्यांतल्या मोजक्या प्रसंगांवर. मेक्सिकोच्या विमानतळावर घरकामाच्या बाईसाठी घ्यायच्या भेटवस्तूवरून नवरा चारचौघांत तोडून बोलला. एकदा हॉटेलात जेवताना तिसऱ्या माणसासमोर त्याने अपमान केला. एकदा आवारातले पुठ्ठ्याचे तुकडे उचलायला लावले. जवळपास चाळीस वर्षांच्या सहवासाचा हिशेब अशा रीतीने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर येऊन ठेपला.

जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला. लग्न मोडले आहे, हे त्यांना मान्य होते. बाई परत नांदायला जाणार नाहीत, हेही दिसत होते. पण सांगितलेले प्रसंग किरकोळ, कुठल्याही घरात घडतील असे, बाईंनी वाढवून सांगितलेले. नवरा जरा जुन्या वळणाचा, इतकेच. अर्ज नामंजूर. मार्च २०१७ मध्ये अपील फेटाळले गेले. तिथे न्यायमूर्ती सर जेम्स मन्बी यांनी हा सगळा कायदा दांभिकपणावर आणि बौद्धिक अप्रामाणिकपणावर उभा असल्याचे स्पष्ट नोंदवले, आणि तरीही कायद्याने हात बांधलेले आहेत म्हणून अपील नामंजूर केले. २५ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. न्यायमूर्ती लेडी हेल यांना प्रकरण अस्वस्थ करणारे वाटले. पण कायदा बदलणे संसदेचे काम, हे त्यांनाही सांगावे लागले. वेगळे राहून पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २०२० पर्यंत, ओवेन्सबाई कायद्याने त्या नवऱ्याच्या बायको राहिल्या.

आता एक आकडा ऐका. २०१६ साली इंग्लंड-वेल्समध्ये घटस्फोटाचे सुमारे १ लाख १४ हजार अर्ज दाखल झाले. त्यांतले शेवटच्या सुनावणीपर्यंत लढले गेले ते अवघे सतरा. बाकीच्या अर्जांत जे काही लिहिले होते ते कुणी उलटतपासात घासून पाहिले नाही. १९७० च्या दशकापासून तिथे बिनविरोध अर्ज कागदावरच निकाली निघत. न्यायाधीश अर्ज वाचणार, कसोटीत बसतो एवढे पाहणार आणि सही करणार. ओवेन्सबाईंची केस इतरांपेक्षा कमजोर नव्हती. त्यांचा नवरा कायदा जसा लिहिला आहे तसा चालवा म्हणाला, आणि कायदा खरोखर चालवला की तो कसा दिसतो हे सगळ्या देशाने पाहिले.

हा कायदा या थराला कसा आला, त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८५७ पूर्वी इंग्लंडमध्ये पूर्ण घटस्फोट हवा असेल तर संसदेतून खास कायदा करून घ्यावा लागे. दीडशे वर्षांत असे सव्वातीनशेच्या आसपास कायदे झाले. त्यांतले बायकांनी मिळवलेले फक्त चार. १८५७ च्या कायद्याने हे काम न्यायालयाकडे आले, पण माप दोन ठेवले. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोने मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग, द्विभार्या असे आणखी काही सिद्ध करायचे. हे माप १९२३ मध्ये सारखे झाले. तरीही कारण एकच राहिले : व्यभिचार.

मग ज्या जोडप्यांत व्यभिचार नव्हता त्यांनी काय करायचे? तो उभा करायचा. ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावात नवरा हॉटेलात खोली घेई. पैसे देऊन आणलेली एक बाई रात्रभर त्या खोलीत बसे. पुष्कळदा दोघे पत्ते खेळत. सकाळी हॉटेलची मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येई तेवढ्यापुरते दोघे एका पलंगावर. पुढे ती मोलकरीण न्यायालयात साक्ष देई, हॉटेलचे बिल पुरावा म्हणून दाखल होई आणि घटस्फोट मंजूर होई. नवराबायकोंनी संगनमत केल्याचा संशय आला तर किंग्ज प्रॉक्टर नावाचा सरकारी अधिकारी मध्ये पडून सगळे रद्द करवू शके. म्हणजे दोघांचे एकमत असले तर घटस्फोट नाही, आणि दोघे भांडत असल्याचे सोंग वठवले तर लगेच! २७ ऑक्टोबर १९३६ रोजी इप्सविचच्या न्यायालयात वॉलिस सिम्पसनबाईंना घटस्फोटाचा पहिला हुकूम मिळाला, तोही नवरा एका हॉटेलात दुसऱ्या बाईसोबत आढळला या पुराव्यावर. त्यांच्याशी लग्न करण्यासाठी राजा आठवा एडवर्ड याने त्याच डिसेंबरात गादी सोडली. प्रेम सिम्पसनबाई आणि राजा यांचे होते. दोषी म्हणून कागदावर लागला तो मात्र नवरा.

या ढोंगावर ए. पी. हर्बर्ट या विनोदी लेखकाने १९३४ मध्ये 'होली डेडलॉक' ही कादंबरी लिहिली. मग तो खासदार झाला आणि १९३७ मध्ये त्याच्याच विधेयकातून क्रौर्य, तीन वर्षांचा परित्याग आणि असाध्य वेड ही नवी कारणे कायद्यात आली. हॉटेलच्या खोलीतून नाटक बाहेर पडले आणि अर्जाच्या कागदावर सुरू झाले.

१९६६ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी कँटरबरीच्या आर्चबिशपांनी नेमलेल्या गटानेच म्हटले की दोषाची भाषा सोडा. लग्न कायमचे मोडले आहे का, एवढेच न्यायालयाने पाहावे. इंग्लंडच्या चर्चने नेमलेल्या गटाने असे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. विधी आयोगाने सवाल केला की प्रत्येक लग्नाची अशी खोल चौकशी करायला न्यायाधीश आणायचे कुठून? यातून तडजोड निघाली, ती १९६९ चा डिव्होर्स रिफॉर्म अॅक्ट. तत्त्व एकच : लग्न परत न सांधण्याइतके मोडलेले असणे. पण ते मोडले आहे हे पाचांपैकी एका गोष्टीने सिद्ध करायचे. व्यभिचार, वर्तन, दोन वर्षांचा परित्याग, दोघांची संमती असल्यास दोन वर्षे वेगळे राहणे, संमती नसल्यास पाच वर्षे. दारावर पाटी नव्या तत्त्वाची, आत कारभार जुनाच. ज्यांना दोन वर्षे थांबायचे नव्हते त्यांनी 'वर्तना'चा रस्ता धरला, आणि बघता बघता तोच हमरस्ता झाला.

या रस्त्यावर काय काय चालून गेले त्याचा एक नमुना सांगतो. १९७५ चा ओनील खटला. निवृत्त वैमानिक नवरा. त्याने घराची दुरुस्ती स्वतःच्या हाताने काढली. दिवाणखान्यात जमिनीच्या फळ्या उखडल्या, तिथेच सिमेंट कालवले, आणि हे दोन वर्षे चालले. संडासाला आठ महिने दार नव्हते. घरात वाढती मुले, पाहुणे आले की बायकोला मान वर करण्याची सोय नाही. खालच्या न्यायालयाने हे कारण पुरेसे मानले नाही; अपील न्यायालयाने मानले. मला तो निकाल बरोबर वाटतो. ज्याने संडासाच्या दाराविना आठ महिने काढले असतील त्याला त्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. पण यातून एक अडचण उघडी पडते. कुणाला काय असह्य होईल, हे बाहेरच्या माणसाने ठरवायचे कसे?

वकिलांनी या अडचणीवर व्यवहारी तोडगा काढला. अर्ज न्यायाधीशाला पुरेल इतका कडक लिहायचा आणि सामनेवाला चिडून लढायला उठणार नाही इतका सौम्य ठेवायचा. 'रिझोल्यूशन' ही तिथल्या कौटुंबिक वकिलांची संघटना तर अर्ज दाखल करण्याआधी मसुदा दुसऱ्या बाजूला दाखवून घ्या, असाच सल्ला देई. सभ्य माणसांचा हा सभ्य मार्ग खरा. तरी न्यायालयात सत्य म्हणून सही करून दिलेला कागद दोन्ही बाजूंनी आधी जुळवून घेतलेला असे, हे विसरू नका. एक्सेटर विद्यापीठाच्या लिझ ट्रिंडर यांचा 'फायंडिंग फॉल्ट' हा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यातला आकडा बोलका आहे. २०१५ साली इंग्लंड-वेल्समधले ६० टक्के घटस्फोट व्यभिचार किंवा वर्तन या कारणांवर झाले होते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण ६ टक्के. स्कॉटलंडमधले नवरे दहापट सुशील होते, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तिथे २००६ पासून संमती असल्यास एक वर्ष आणि नसल्यास दोन वर्षे वेगळे राहिले की पुरत होते. थांबा कमी केला आणि आरोप आपोआप आटले.

ओवेन्स निकालानंतर दोन वर्षांत, जून २०२० मध्ये, इंग्लंडने नवा कायदा केला. आता एकाने किंवा दोघांनी मिळून लेखी निवेदन द्यायचे की आमचे लग्न परत न सांधण्याइतके मोडले आहे. ते निवेदन हाच निर्णायक पुरावा. घटस्फोट नको म्हणून लढता येत नाही. लग्न वैध होते का, न्यायालयाला अधिकार आहे का, एवढ्यावरच हरकत घेता येते. अर्जानंतर वीस आठवडे थांबायचे, मग सशर्त हुकूम, त्यानंतर सहा आठवड्यांनी अंतिम. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात अर्ज करता येत नाही, हे बंधन कायम आहे. घटस्फोटांचा पूर येईल, अशी हाकाटी झाली होती. २०२२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ८० हजार घटस्फोट झाले, १९७१ नंतरचे सर्वांत कमी. त्याचे सगळे श्रेय कायद्याला द्यायला नको, कारण सव्वीस आठवड्यांच्या थांब्यामुळे पुष्कळ प्रकरणे पुढच्या वर्षात गेली. पण २०२३ चा आकडाही २०२१ च्या खालीच राहिला. पूर आला नाही.

आता आपल्याकडे येऊ.

दोषाचा कायदा आपल्याकडे आला तो १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याने. इथल्या ख्रिस्ती लोकांसाठी केलेला हा कायदा इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतला होता. नवऱ्याला एक माप, बायकोला दुसरे, तेही तसेच. इंग्लंडने हा भेद १९२३ मध्ये पुसला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस प्रकरणात १९९७ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने कायदा दुरुस्त केला २००१ मध्ये. मालकाने टाकून दिलेला अंगरखा आपण पाऊणशे वर्षे जास्त वापरला.

दुसरी आयात नांदायला येण्याच्या दाव्याची. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर हा दावा लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्या कधी सासरी नांदल्या नव्हत्या. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला; ही तरतूद इंग्लंडमधून आलेली आहे, हिंदू लग्नाला ती लावण्याचे कारण नाही, असे त्यांचे मत होते. अपिलात ते उलटले आणि १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई कैदेला तयार झाल्या. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. या गोष्टीतला एक धागा मात्र क्वचित सांगितला जातो. ज्या १८८४ साली इथे दावा लागला, त्याच साली इंग्लंडने असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द केली होती. पुढे तो दावाच तिथे १९७१ पासून इतिहासजमा झाला. आपल्या हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ आजही जागेवर आहे.

तिसरे क्रौर्य. इथे पुण्याचा उल्लेख करायलाच हवा. दास्ताने विरुद्ध दास्ताने या खटल्यातले लग्न १९५६ मध्ये पुण्यात झाले. शिकलेली, सुखवस्तू घरची माणसे. १९६१ पासून वेगळी. दावा खालच्या न्यायालयाच्या, जिल्ह्याच्या, मुंबईच्या पायऱ्या चढत दिल्लीला गेला आणि मार्च १९७५ मध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला. मध्यरात्री दिवा लावून नवऱ्याच्या अंथरुणाशी बसून भांडत राहणे, मंगळसूत्र तोडणे, असे प्रसंग त्यात चर्चिले आहेत. न्यायालय आदर्श नवरा आणि आदर्श बायको यांचा न्याय करत नाही, समोर उभ्या असलेल्या या दोघांचा करते, ही त्या निकालातली शिकवण आजही रोज उद्धृत होते. निकाल काय लागला ते मात्र लोक विसरतात. क्रौर्य सिद्ध झाले, पण त्यानंतरही दोघांत पतिपत्नीसंबंध राहिले, म्हणजे नवऱ्याने ते माफ केले, म्हणून अपील फेटाळले. चौदा वर्षांनी, सगळा संसार चव्हाट्यावर मांडून झाल्यावर, दोघे कायद्याने नवराबायकोच राहिले.

हिंदू विवाह कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने क्रौर्य हे थेट घटस्फोटाचे कारण झाले आणि परस्परसंमतीचे कलम १३-ब आले. ज्यांचे पटते, म्हणजे वेगळे होण्यावर तरी पटते, त्यांची सोय झाली. ज्यांचे त्यावरही पटत नाही ते क्रौर्याकडे वळले. तो अर्ज कसा असतो ते इथल्या वकील मित्रांना सांगायला नको. 'अर्जदार हिचा विवाह सामनेवाला याचेशी हिंदू रीतिरिवाजाप्रमाणे वाजतगाजत संपन्न झाला. लग्नानंतर सहा महिने सामनेवाला याने अर्जदार हिला चांगले नांदवले. त्यानंतर क्षुल्लक कारणावरून मारहाण, शिवीगाळ करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ करण्यास सुरुवात केली.' गाव बदलते, नावे बदलतात, सहा महिने बदलत नाहीत. समोरून म्हणणे येते : 'अर्जातील परिच्छेद ४ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून तो सामनेवाला यास मान्य व कबूल नाही.' जिचा खरोखर छळ झाला तिचा अर्जही याच साच्यात ओतला जातो आणि न्यायाधीशाच्या टेबलावर तो इतरांसारखाच दिसतो. दोषाच्या कायद्याने सर्वांत मोठा अन्याय कुणावर केला असेल तर खऱ्या पीडितेवर. खोट्याच्या गर्दीत तिचे खरे हरवले.

मोडलेले लग्न हे स्वतंत्र कारण करा, अशी शिफारस आपल्या विधी आयोगाने १९७८ मध्ये ७१ व्या अहवालात केली, पुन्हा २००९ मध्ये २१७ व्या अहवालात केली. नवीन कोहली प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला तेच सुचवले. अखेर १ मे २०२३ रोजी शिल्पा शैलेश प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की घटनेच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय या कारणावर घटस्फोट देऊ शकते, एकाची हरकत असली तरी. निकाल स्वागतार्ह आहे. पण हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. नंदुरबारच्या कौटुंबिक दाव्यातल्या बाईने मोडलेले लग्न मोडले म्हणवून घ्यायला दिल्लीपर्यंत जायचे, याला दिलासा म्हणवत नाही.

मग आपणही इंग्लंडसारखा कायदा उद्याच करावा का? इथे माझे उत्तर अनेकांना आवडणार नाही. उद्याच करू नये.

१९६९ चा कायदा होताना लॉर्ड्सच्या सभागृहात बॅरोनेस एडिथ समरस्किल यांनी त्याला कॅसानोव्हाची सनद म्हटले होते. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकोला टाकून नवरा मोकळा होईल आणि तिच्या हाती काही राहणार नाही, ही त्यांची भीती. ती भीती कुणी हसण्यावारी नेली नाही. घटस्फोटाचा कायदा मंजूर होऊनही लगेच अमलात आणला नाही. १९७० मध्ये लग्नातल्या मालमत्तेचा स्वतंत्र कायदा केला आणि दोन्ही कायदे १ जानेवारी १९७१ या एकाच दिवशी लागू केले. त्या मालमत्ता कायद्याने न्यायालयाला घर, पैसा, जमीन यांचे फेरवाटप करण्याचा अधिकार दिला आणि घर सांभाळणे, मुले वाढवणे हे आर्थिक योगदानाच्या जोडीला मोजायला सांगितले. नांदायला येण्याचा दावा रद्द झाला तोही याच कायद्याने. २००० साली व्हाइट विरुद्ध व्हाइट या शेतकरी जोडप्याच्या खटल्यात लॉर्ड निकोल्स यांनी वाटपाची समतेशी ताडणी करून पाहण्याचा दंडक घातला : कमावणारा आणि घर चालवणारा यांत भेद करायचा नाही. वाटपाची ही व्यवस्था पन्नास वर्षे मुरल्यावर इंग्लंडने दोष काढला. भांडण कुणी सुरू केले याला मग महत्त्व उरत नाही, कारण घर कुणाचे हे आधीच ठरलेले असते.

आपल्याकडे, एका राज्याचा अपवाद सोडला तर, लग्नातली मालमत्ता अशी गोष्टच कायद्यात नाही. घर ज्याच्या नावावर त्याचे. बहुधा नवऱ्याच्या, पुष्कळदा सासऱ्याच्या. बायकोला पोटगी मिळते, तीही न्यायालयाच्या विवेकाप्रमाणे आणि नवऱ्याने उत्पन्न दाखवले तर. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने दोघांना मालमत्तेचे शपथपत्र सक्तीचे केले हे बरे झाले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. पोटगी दरमहा मागावी लागते, वाटा एकदाच मिळतो. अशा स्थितीत घटस्फोटाला नकार देणे हे बायकोच्या हातातले एकमेव हत्यार उरते. तिचा नकार नवऱ्याला डाचतो म्हणूनच तो तडजोडीला बसतो. ते हत्यार काढून घ्यायचे आणि बदल्यात काही द्यायचे नाही, हा व्यवहार मला मान्य नाही. आपल्या अनेक जातींत काडीमोड रूढीने होती, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने ती राखलीही आहे. त्या काडीमोडीत दोष सिद्ध करावा लागत नसे, पण बाई निघाली ती रिकाम्या हातानेच.

२०१३ मध्ये ही गाठ सुटण्याच्या बेतात होती. मोडलेले लग्न हे कारण आणि बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा, अशी दोन्ही कलमे असलेले विधेयक राज्यसभेने ऑगस्टमध्ये मंजूर केले. हिश्श्याच्या कलमावर काहूर उठले. लोकसभेने ते मंजूर केलेच नाही आणि सभागृहाची मुदत संपताच ते बारगळले. घटस्फोट सोपा व्हावा याला फारसा विरोध नव्हता. विरोध होता तो वाट्याला. यातून काय समजायचे ते समजा.

असा वाटा भारतात चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी फार लांब पाठवत नाही. सावंतवाडीहून बांदा ओलांडून पुढे जा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा निम्मा-निम्मा. स्थावर विकायचे तर बायकोची संमती लागते. गोव्याच्या घटस्फोट कायद्याचे मूळ १९१० च्या पोर्तुगीज हुकुमात आहे, आणि परस्परांच्या राजीने दहा वर्षे वेगळे राहणे हे त्यात शंभर वर्षांपूर्वीच कारण म्हणून नोंदलेले होते, वेगळे राहण्यामागचा हेतू न विचारता. गोव्यात सगळे आलबेल आहे असे नाही. मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे ठेवणारी जुनी कलमे तिथेही सलतात. पण निम्म्या वाट्याने गोव्याचे संसार मोडले नाहीत, आणि जमिनी रसातळाला गेल्या नाहीत.

माझे म्हणणे म्हणून तीन कलमांत आवरतो. पहिले : लग्नानंतर दोघांच्या काळात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत बायकोचा निम्मा हक्क कायद्याने लिहा, घर सांभाळणे हे योगदान धरा. दुसरे : त्याच दिवसापासून मोडलेले लग्न हे घटस्फोटाचे कारण प्रत्येक कौटुंबिक न्यायालयाला द्या, ठराविक थांबा ठेवून, दोषाचा पुरावा न मागता, आणि कलम ९ रद्द करा. तिसरे : मारहाण, छळ, हुंडा यांचे फौजदारी आणि संरक्षणाचे कायदे जसेच्या तसे ठेवा. घटस्फोटाच्या अर्जातून आरोप काढले की या कायद्यांखालची तक्रार दबावाचे साधन उरणार नाही, आणि जिची तक्रार खरी आहे तिच्याकडे लोक विश्वासाने पाहतील.

पहिले कलम वगळून दुसरे करू नका. सोयीचे तेवढे घेण्याची आपली जुनी खोड आहे. कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या तरुण वकिलांना माझी विनंती आहे : कायदा बदलेपर्यंत अर्जात घडले तेवढेच लिहा, 'सहा महिने चांगले नांदवले' हे वाक्य पक्षकाराला न विचारता टंकू नका, आणि पहिल्याच भेटीत तिला विचारा, घर कुणाच्या नावावर आहे.